घरच्या कॉम्प्युटरसाठी हलका पीडीएफ रीडर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी चार जीबी रॅमचा एक जुना डेस्कटॉप अजून रोज चालतो. बाबा सकाळचा चहा झाला की त्यावर स्कॅन केलेली जुनी मासिकं वाचायला बसतात. त्यांचं वाचन अडू नये म्हणून मी गेल्या काही वर्षांत बरेच रीडर बसवले, काढले, पुन्हा बसवले. मग नातेवाईक आणि सोसायटीतले लोक विचारू लागले. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

हलका रीडर म्हणजे नेमकं काय? डाउनलोड लहान असलं की झालं का?

डाउनलोडचा आकार ही फक्त पहिली खूण. खरा हलकेपणा तुमच्याकडच्या सगळ्यात जड फाइलवर कळतो. दोन पानांचं वीजबिल कुठल्याही रीडरमध्ये पटकन उघडतं, त्यावरून काही ठरवू नका. घरातली सगळ्यात मोठी फाइल घ्या, ती उघडा, मधल्या एखाद्या पानावर उडी मारा, पान मोठं करा आणि दहा-पंधरा पानं भराभर खाली सरकवा. पांढरं पान किती वेळ दिसतं ते बघा. त्याच वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि रीडरच्या नावापुढे किती मेमरी लागते आहे ते पाहा.

आणखी एक गोष्ट बघायची. टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअपचा भाग असतो. काही रीडर कॉम्प्युटर सुरू होताच आपले मदतनीस प्रोग्रॅम मागे चालू करून ठेवतात. तुम्ही दिवसभरात एकही पीडीएफ उघडली नाही तरी ते तिथे बसलेले असतात. जुन्या मशीनवर याचा भार चांगलाच जाणवतो.

पीडीएफ ब्राउझरमध्येच उघडते. मग वेगळा रीडर कशाला?

महिन्यातून चार बिलं आणि एखादं तिकीट एवढंच बघत असाल तर काहीच बसवू नका. क्रोममध्ये २०१० पासून आणि फायरफॉक्समध्ये २०१३ पासून स्वतःचा पीडीएफ रीडर आहे, एजमध्येही आहे. फायरफॉक्समध्ये २०२२ पासून पानावर मजकूर लिहिता येतो, हाताने रेघाही मारता येतात. घरगुती कामाला हे पुष्कळ झालं.

अडचण येते ती पुस्तक वाचताना. ब्राउझर स्वतःच जड असतो, त्यात बाकीचे टॅब उघडे असतात, आणि चुकून खिडकी बंद झाली की तीनशे पानांच्या पुस्तकात आपण कुठे होतो ते शोधत बसावं लागतं. रोज वाचणाऱ्या माणसाला वेगळा रीडर हवाच, असं माझं स्वच्छ मत आहे.

विंडोजवर कोणता घ्यावा?

मी जवळजवळ सगळ्यांना सुमात्रा पीडीएफ सांगते. क्रिश्तॉफ कोवाल्चिक यांनी तो २००६ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केला. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे (म्हणजे त्याचा कोड कोणालाही पाहता येतो), फक्त विंडोजवर चालतो. डाउनलोड साधारण दहा एमबीच्या आतबाहेर असतं. आत पानं रंगवण्याचं काम म्युपीडीएफ नावाचं इंजिन करतं, आणि त्याच्या वेगाची मला अनेक वर्षं खात्री पटलेली आहे.

त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अगदी साधी आहे. पुस्तक जिथे सोडलं त्याच पानावर ते पुन्हा उघडतं. रात्री रीडर आणि कॉम्प्युटर बंद केला, तरी सकाळी बाबा फाइलवर दोनदा क्लिक करतात आणि समोर कालचं पान. आमच्या घरी या एका गोष्टीसाठी हा रीडर कायमचा राहिला.

थोड्या किल्ल्या लक्षात ठेवल्या की माउसचं काम निम्मं होतं. एफ ११ दाबलं की पूर्ण पडदा, पुन्हा दाबलं की परत. एफ १२ दाबलं की डाव्या बाजूला अनुक्रमणिका, अर्थात फाइलमध्ये ती असेल तर. कंट्रोल आणि जी दाबून पान क्रमांक टाकला की थेट त्या पानावर.

त्याची एक पोर्टेबल आवृत्तीही मिळते. ती बसवावी लागत नाही. पेनड्राइव्हवर ठेवा, ज्या कॉम्प्युटरला लावाल तिथे चालते, आणि आपली सेटिंग शेजारच्याच एका मजकूर-फाइलमध्ये लिहून ठेवते. कॉलेजच्या लॅबमध्ये काही बसवायची परवानगी नसलेल्या मुलांना हिचा फार उपयोग होतो.

सुमात्राला काय जमत नाही?

डिजिटल सही खरी की खोटी हे तो तपासत नाही. पीडीएफ फॉर्मच्या चौकटीत टाइप करून भरणं त्यात होत नाही. खुणा करण्याची सोय आहे, पण मोजकीच: मजकूर निवडून ए दाबलं की त्यावर पिवळा रंग येतो. मात्र तो फाइलमध्ये आपण मुद्दाम सेव्ह करावा लागतो. माझ्या भाचीने परीक्षेच्या आधी दोन तास नोट्सवर खुणा केल्या आणि सेव्ह न करताच खिडकी बंद केली. तेव्हापासून मी हे आधीच सांगून ठेवते.

डिजिटल सातबारा किंवा आधारच्या फाइलवर सहीपाशी प्रश्नचिन्ह येतं. फाइल खोटी आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि लोक खरोखर घाबरलेले असतात. प्रश्नचिन्हाचा अर्थ एवढाच, की सही कोणी केली ते तुमच्या रीडरला अजून पटवून दिलेलं नाही. सही चुकीची असेल किंवा सही झाल्यावर फाइल बदलली असेल, तर खूण वेगळी येते आणि तसा संदेशही दिसतो.

भारतातल्या डिजिटल सह्यांच्या साखळीचं मूळ प्रमाणपत्र, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली नेमलेल्या प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकाचं (इंग्रजीत सीसीए) असतं. ते रीडरच्या विश्वासू यादीत नसलं की रीडर म्हणतो, वैधता माहीत नाही. अ‍ॅडोबी रीडरमध्ये सहीवर उजवं क्लिक करा, सही पडताळण्याचा पर्याय निवडा, मग सहीचा तपशील उघडून सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र बघा. साखळीच्या सगळ्यात वर सीसीए इंडिया हे नाव आहे ना ते डोळ्यांनी वाचा, आणि मगच ते विश्वासू यादीत टाका. त्यानंतर पुन्हा पडताळणी केली की हिरवी खूण येते. नाव न वाचता सरळ होकार देत जाऊ नका. ती यादी तुमच्या भरवशावर चालते, उद्या कोणीही काहीही पाठवेल.

म्हणूनच माझा सल्ला असा: वाचायला हलका रीडर, आणि सही तपासायला अ‍ॅडोबी रीडर घरातल्या एखाद्या बऱ्या मशीनवर. तो आकाराने कित्येक शे एमबी आहे आणि जुन्या डेस्कटॉपला जडच जातो, पण या कामात त्याचा हात धरणारा दुसरा फुकट रीडर विंडोजवर मला मिळालेला नाही. फक्त सातबाराच तपासायचा असेल तर त्याचीही गरज नाही. १५ रुपये भरून घेतलेल्या डिजिटल सातबाऱ्यावर पडताळणी क्रमांक छापलेला असतो, तो भूमी अभिलेख विभागाच्या पोर्टलवर टाकून पाहता येतो.

यात एक चूक फार होते. डिजिटल सही फाइलमध्ये असते, कागदावर नसते. तुम्ही ती फाइल उघडून प्रिंटच्या यादीतून पुन्हा पीडीएफ तयार केली, तर नवी फाइल दिसायला हुबेहूब असते, पण सही गेलेली असते. बँकेत किंवा सोसायटीत पाठवायची ती मूळ डाउनलोड केलेलीच फाइल.

फाइल पासवर्ड मागते. रीडर बदलू का?

रीडरचा काही दोष नाही. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. ई-पॅनचा पासवर्ड म्हणजे जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष या क्रमाने सलग आठ आकडे. सुमात्रा पासवर्ड लक्षात ठेवू का असं विचारतो. सायबर कॅफेत किंवा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तिथे टिक करू नका.

स्कॅन केलेली पुस्तकं इतकी अडखळत का उघडतात? फाइल तर ४० एमबीचीच आहे.

फाइल ४० एमबीची असते ती घडी घालून ठेवलेली. पान दाखवायचं तर घडी उलगडावी लागते. हिशेब करून बघा. ए-फोर आकाराचं पान ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांनी, स्कॅन केलं की आडवे २४८० आणि उभे ३५०८ ठिपके होतात, म्हणजे जवळजवळ ८७ लाख. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला चार बाइट धरले तर एकाच पानाला सुमारे ३५ एमबी मेमरी. आता रीडर पुढचं-मागचं पानही तयार ठेवत असेल आणि शेजारी छोट्या पानांची पट्टी उघडी असेल, तर चार जीबीच्या मशीनला धाप लागणारच.

त्यात पानं जेपेग २००० प्रकाराने दाबलेली असतील तर उलगडायला वेळ आणखी लागतो. इंटरनेट आर्काइव्हवरची कित्येक स्कॅन पुस्तकं अशीच असतात. रीडर हलका असला तरी हे काम त्याला करावंच लागतं.

मी बाबांच्या मशीनवर तीन गोष्टी केल्या आणि फरक लगेच दिसला. सलग सरकणाऱ्या पानांऐवजी एका वेळी एकच पान दाखवणारी मांडणी ठेवली. बाजूची छोट्या पानांची पट्टी बंद केली. आणि पुस्तक पेनड्राइव्हवरून थेट न वाचता आधी डिस्कवर कॉपी करून घेतलं. चौथी गोष्ट पैसे घालून केली, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान नवी डिस्क, टाकली. रीडर बदलून जेवढं मिळालं त्याहून अधिक त्याने मिळालं, हे मोकळेपणाने सांगते.

मराठी पीडीएफमध्ये शब्द डोळ्यांसमोर दिसतो, पण शोधला तर सापडत नाही. असं का?

हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कारणं तीन असू शकतात आणि तिन्हींवर उपाय वेगळा.

पहिलं, पान नुसतं छायाचित्र असेल. मजकुरावर माउस ओढून बघा. अक्षरं निवडली जात नसतील तर तिथे अक्षरं नाहीतच, चित्र आहे. अशा फाइलवर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं, करावं लागतं. टेसरॅक्ट हे मुक्त साधन मराठी ओळखतं. छपाई स्वच्छ असेल तर चांगलं काम करतं, फिकट किंवा तुटक जुन्या छपाईला चुका बऱ्याच येतात. पण एकदा चित्रामागे मजकुराचा थर बसला की कुठल्याही रीडरमध्ये शोध चालतो.

दुसरं, फाइल युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधली असेल. श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख, योगेश ही नावं डीटीपी करणाऱ्या कोणालाही ओळखीची. या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिला की फाइलच्या पोटात प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं असतात, त्यातलं फक्त बी कॅपिटल. डोळ्यांना मराठी दिसतं, रीडरला ई-जे-के-बी-एच दिसतं. तुम्ही युनिकोडमध्ये ‘मराठी’ टाकून शोधाल तर तो बिचारा कुठून आणणार? कृतिदेवच्या फाइलीत हीच पाच इंग्रजी अक्षरं टाकून शोधा, बऱ्याचदा शब्द सापडतो. मी जुन्या परिपत्रकांत असंच शोधते. मजकूर कॉपी करून युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टरही मिळतात, फक्त तुमचा नेमका फॉन्ट निवडावा लागतो. फॉन्टचं नाव रीडरमध्ये फाइलच्या गुणधर्मांत दिसतं.

तिसरं कारण सगळ्यात त्रासाचं. फाइल युनिकोडमध्येच टाइप केलेली असते, पण पीडीएफ होताना जोडाक्षरांची नुसती चित्रं उरतात किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या आधी जाऊन बसते, कारण ती कागदावर आधीच दिसते. मग ‘विठ्ठल’ कॉपी केलं की भलतंच काहीतरी चिकटतं. इथे माझी युक्ती अशी: शब्दातला जोडाक्षर आणि पहिली वेलांटी नसलेला तुकडाच शोधायचा. ‘पाटबंधारे’ हवं असेल तर नुसतं ‘पाट’. थोडे नको ते शब्द येतात, पण हवा तोही येतो.

तुम्ही स्वतः पीडीएफ तयार करत असाल, संस्थेचा अहवाल असो की दिवाळी अंक, तर प्रसिद्ध करण्याआधी एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. तिथे मराठी नीट आली तर वाचणाऱ्यांना शोधता येईल. दृष्टिहीन वाचकांचा स्क्रीन रीडरही तोच मजकूर वाचतो, हे विसरू नका.

लिनक्सवर कोणता?

बहुतेक लिनक्समध्ये रीडर आधीच बसवलेला येतो (ग्नोम, माटे, केडीई ही लिनक्सच्या डेस्कटॉपच्या प्रकारांची नावं): ग्नोमवर एव्हिन्स किंवा त्याचा वारस, लिनक्स मिंटमध्ये एक्सरीडर, माटेवर अ‍ॅट्रिल. तिन्ही घरगुती वापराला उत्तम. आणखी हलका हवा असेल तर क्यूपीडीएफव्ह्यू. फक्त कळफलकावर काम करणाऱ्यांना झथुरा आवडेल, नवख्या माणसाला तो देऊ नका.

केडीईचा ओक्युलर थोडा भरभक्कम आहे, पण त्यात फॉर्म भरता येतात, खुणा भरपूर करता येतात, डिजिटल सही तपासता येते. प्रमाणपत्रांसाठी तो फायरफॉक्सची यादी वापरतो. कमी ऊर्जा खाणारं आणि जुन्या मशीनवर चालणारं सॉफ्टवेअर म्हणून जर्मनीचं ‘ब्लू एंजल’ हे पर्यावरण-चिन्ह २०२२ मध्ये त्याला मिळालं, आणि ते मिळवणारा तो पहिला प्रोग्रॅम. विंडोजवरही मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून तो घेता येतो.

मॅकवर?

मॅकमध्ये आधीच असलेला प्रिव्ह्यू आहेच. वेगळं काही घ्यायची गरज मला पडलेली नाही.

विंडोज ७ किंवा एक्सपी असेल तर?

सुमात्राची ३.१.२ ही एक्सपीवर चालणारी शेवटची आवृत्ती. पण असं मशीन फक्त वाचनासाठी ठेवा आणि इंटरनेटपासून तोडा, कारण जुन्या विंडोजला सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत. विंडोज १०चाही सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चार जीबीच्या मशीनवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती टाकून बघा. माझ्या मावशीकडे टाकली आहे, तिचं वाचन आणि बँकेचं काम दोन्ही चालतं.

डाउनलोड कुठून करायचं?

मूळ संकेतस्थळावरून किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून, तिसरीकडून नाही. सर्चमध्ये सगळ्यात वर येणारी ओळ पुष्कळदा जाहिरात असते. मी स्वतः एकदा घाईत अशाच एका दिसायला सारख्या साइटवरून रीडर उतरवला. रीडर चालला, पण सोबत ब्राउझरचं मुखपृष्ठ बदललं आणि कोपऱ्यात जाहिराती उडू लागल्या. साफ करायला रविवार गेला. सुमात्राचा पत्ता सुमात्रापीडीएफरीडर डॉट ओआरजी असा आहे, तो अक्षर न् अक्षर तपासून टाका.

बसवल्यावर अपडेट येतील तसे घेत राहा. पीडीएफ म्हणजे नुसता कागद नव्हे, तिच्यात लिंक, जोडलेल्या फाइली आणि चालणारा कोडही असू शकतो. अनोळखी मेलमधून आलेली फाइल उघडताना रीडरने परवानगी मागितली तर नाही म्हणा.

नवा रीडर बसवला तरी फाइल एजमध्येच उघडते.

फाइलवर उजवं क्लिक करा, ‘ओपन विथ’ मध्ये जाऊन दुसरं अ‍ॅप निवडण्याचा पर्याय घ्या, रीडर निवडा आणि कायम हेच वापरा असं सांगा.

आधार कार्ड प्रिंट केलं की लहान-मोठं येतं.

प्रिंटच्या खिडकीत पान कागदाला बसवण्याचा पर्याय चालू असतो. तो बदलून मूळ आकार निवडा. फॉर्म आणि ओळखपत्रांना मूळ आकार, मासिकांच्या पानांना कागदाला बसवणं.

ईपब आणि डीजेव्हीयू फाइली कशात उघडायच्या?

डीजेव्हीयू सुमात्रा, ओक्युलर आणि एव्हिन्समध्ये उघडते. जुन्या स्कॅन पुस्तकांसाठी हा प्रकार फार चांगला आहे, आकार लहान राहतो. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइलींसाठी मी थोरियम रीडर किंवा कॅलिबर वापरते. कुठलाही घेतलात तरी आधी ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘र्‍य’ असलेलं एक मराठी पान उघडून अक्षरं नीट जुळतात ना ते बघा.

घरातल्या वडीलधाऱ्या माणसांसाठी रीडर कसा लावून द्यावा?

बाबांसाठी मी असं केलं आहे. डेस्कटॉपवर ‘वाचन’ नावाचा एकच फोल्डर, त्यात या महिन्याची चार-पाच पुस्तकंच, नावं मराठीत. पान रुंदीला बसवलेलं, म्हणजे अक्षर मोठं दिसतं आणि आडवं सरकवावं लागत नाही. पानाची पार्श्वभूमी पांढरीफेक असेल तर पडद्याचा उजेड कमी करून दिला आहे. मॉनिटरच्या कडेला वहीच्या कागदाची एक पट्टी चिकटवली आहे, तिच्यावर मोठ्या अक्षरांत तीनच ओळी: ‘एफ ११ – मोठा पडदा. खालचा बाण – पुढे. कंट्रोल आणि अधिक – अक्षर मोठं.’ चौथी ओळ बाबांनी स्वतः पेन्सिलने लिहिली आहे, दुपारी वाचायचं राहिलेल्या पानाचा क्रमांक.